वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे



शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हातघाईचा एखादा क्षण उभा राहतो. शत्रूवर झेप, धडाडणाऱ्या तोफा आणि हौतात्म्य. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. काही पराक्रम क्षणाचे नसतात. ते तासातासाने आणि दिवसादिवसाने, हाताला घट्टे पाडत घडतात. परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे यांचा पराक्रम या जातीचा होता.

राण्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव कारवारजवळील चेंडिया. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. पुढे १९४० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राणे ‘बॉम्बे इंजिनिअर्स’मध्ये शिपाई म्हणून भरती झाले. आपल्या तुकडीतील सर्वोत्तम रिक्रूट म्हणून त्यांना कमांडंटची छडी बहाल झाली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आराकान आघाडीवर लढले आणि हवालदार झाले. पूल बांधणे, पूल उडवणे, सुरुंग पेरणे, सुरुंग काढणे हे सॅपरचे काम. सैन्य पुढे जाते तेव्हा सॅपर त्याच्याही पुढे असतो आणि सैन्य मागे येते तेव्हा तो सर्वांत शेवटी निघतो. कामाची ही शिस्त राण्यांच्या अंगी मुरली. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना अधिकारीपद मिळाले आणि अवघ्या चार महिन्यांत त्यांच्या परीक्षेची वेळ आली.

नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी शत्रूच्या हाती पडली होती. तेथील निरपराध रहिवाशांवर व आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर भीषण प्रसंग गुदरला होता. नौशेराहून राजौरीकडे आपले सैन्य निघाले, तेव्हा प्रत्येक तासाला माणसांच्या प्राणांचे मोल होते. पण रस्ता डोंगराळ, नागमोडी, जागोजागी उद्ध्वस्त केलेला आणि सुरुंगांनी भरलेला. रणगाड्यांवाचून पुढे सरकणे कठीण आणि रस्त्यावाचून रणगाडे निरुपयोगी. तो रस्ता मोकळा करण्याची जबाबदारी सेकंड लेफ्टनंट राणे यांच्यावर आली.

८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होण्यापूर्वीच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राण्यांच्या पथकातील दोन जवान धारातीर्थी पडले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. जखमी अधिकाऱ्याने मागे जाणे कोणालाही वावगे वाटले नसते. राण्यांनी उरलेल्या जवानांची फेरमांडणी केली आणि काम हाती घेतले. सायंकाळी बरवाली टेकडी आपल्या हाती आली. परिसरात शत्रू अद्याप होता. तरीही रात्री दहापर्यंत मशीनगनच्या माऱ्यात ते रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला काम पुन्हा सुरू झाले. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला. मग सर्वांत पुढच्या गाडीत बसून राणे निघाले. अर्ध्या मैलावर चीडाची झाडे आडवी पाडलेली. उतरून ती स्फोटाने उडवली. आणखी तीनशे यार्डांवर तोच प्रकार. त्यापुढे उडवून दिलेली मोरी. तिला बगल देऊन पुन्हा वळणरस्ता. अंधार पडताना पाच अजस्र झाडांचा अडथळा आला. सभोवती सुरुंग, वरून गोळीबार. दलप्रमुखांनी मुक्काम केला म्हणूनच त्या दिवशी काम थांबले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्यापाशी होते आणि साडेसहाला तो दूर झाला होता. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोहोचले. रणगाड्यांचे काम झाले. पण रसद घेऊन येणाऱ्या वाहनांचे काय? ना अन्न, ना विश्रांती, अशा स्थितीत राणे रात्री नऊपर्यंत मागचा रस्ता दुरुस्त करीत राहिले. ११ तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा मार्ग खुला झाला आणि त्याच रात्री दहापर्यंत पुढील रस्त्याचे काम चालू होते. १२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत दाखल झाले.

या चार दिवसांत नजरेत भरते ते काय? सकाळी सहा, रात्री दहा. पुन्हा सकाळी सहा. एखाद्या कष्टकऱ्याची दिनचर्या वाटावी अशी ही नोंद आहे. परमवीर चक्र मिळाले ते या दिनचर्येला.

त्या पहिल्या काश्मीर युद्धात पाच जणांना परमवीर चक्र लाभले. त्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर मिळाले. हा सन्मान स्वतः स्वीकारण्यासाठी लान्सनायक करमसिंग आणि राणे हे दोघेच हयात होते. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हौतात्म्याने जीवन पूर्णत्वास जाते. पण तरुणपणीच सर्वोच्च कीर्ती लाभलेल्या माणसाने उरलेले आयुष्य कसे जगावे? कीर्तीच्या पुण्याईवर बसून खाणे अवघड नव्हते. राणे आपल्या कामावर परतले आणि पुढील अनेक वर्षे लष्कराच्या सेवेत राहून मेजर पदापर्यंत पोहोचले. १९५५ मध्ये त्यांनी विवाह केला, मुलाबाळांचा संसार केला. बदल्या, दुरावा, मुलांची शिक्षणे हे सारे सैनिकाच्या घराला चुकत नाही. घरची जबाबदारी पेलणाऱ्या सैनिकपत्नीचा वाटा कोणत्याही गौरवपत्रात लिहिलेला नसतो. म्हणूनच तो समाजाने आठवणीने मोजला पाहिजे.

१९९४ मध्ये पुण्यात राण्यांचे निधन झाले. त्यांचे नाव एका तेलवाहू जहाजाला देण्यात आले. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटालाही ते लाभले. ही स्मारके उचितच आहेत. पण ८ एप्रिलच्या सकाळी पडलेल्या त्या दोन जवानांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

आपल्या गावात, आपल्या गल्लीत कोणी निवृत्त सैनिक असेल. तो कदाचित एखाद्या बँकेच्या दारावर उभा असेल, कदाचित शेती कसत असेल. २६ जानेवारीला त्याच्या गळ्यात हार घालणे सोपे आहे. त्याच्या निवृत्तिवेतनाचा अडलेला कागद पुढे सरकवणे, त्याच्या मुलीच्या प्रवेशासाठी सोबत जाणे, सीमेवर असलेल्या जवानाच्या वृद्ध आईवडिलांची महिन्यातून एकदा विचारपूस करणे, हे त्याहून अधिक मोलाचे आहे. त्यात टाळ्या नाहीत आणि ते एका दिवसात संपतही नाही. राण्यांनी आपल्या सैन्यासाठी वाट मोकळी केली. सैनिकांच्या घरापुढील लहानसहान अडथळे दूर करणे एवढे तरी आपल्या हाती आहे. ते आपण नेमाने करू या.