गाणे घरी बसवताना



रामनवमीला मानोरा तालुक्यातील पोहरादेवीस बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. नगारा घुमतो, थाळी वाजते आणि त्यावर गोरबोलीतली गाणी म्हटली जातात. आता अशी गाणी घरच्या घरी संगणकावर, मोबाईलवरही बसवता येतात. नगाऱ्याच्या जागी यंत्राचा ताल, पेटीच्या जागी की-बोर्ड. त्यात वावगं काही नाही. पण पुष्कळदा गाणं जोरात वाजतं अन् शब्दच कळत नाहीत. जी भाषा मुख्यतः तोंडातोंडी टिकली, तिचे शब्द बुडाले तर मग उरलं काय?

मुद्रित केलेले निरनिराळे आवाज एकत्र बसवणे, याला मिक्सिंग म्हणतात. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ टाकताना आपण दोघांनाही जागा ठेवतो ना? तसंच हे.

प्रथम सगळे आवाज बंद करा. गाणाऱ्याचा गळा आधी बसवा, मग ताल, मग की-बोर्ड. नगाऱ्याचा घुमारा सेकंदाला सुमारे 100 कंपनांच्या आसपास असतो. क, त, स ही व्यंजने स्पष्ट होतात ती साधारण 2,000 ते 5,000 कंपनांच्या पट्ट्यात. तिथे की-बोर्ड आडवा आला, तर गळा वाढवत बसू नका. की-बोर्डचा तेवढाच पट्टा थोडा उतरवा.

दुसरी गोष्ट पातळीची. संगणकात शून्य डेसिबल ही वरची हद्द. ती ओलांडली की आवाज फाटतो. म्हणून सर्व मिळून 6 डेसिबल तरी खाली राहा.

तिसरी गोष्ट कानाची. मोठ्या आवाजात खर्ज भरदार वाटतो आणि कान फसतो. म्हणून हळू आवाजात ऐका. मग डावी-उजवी बाजू एकत्र करून मोबाईलच्या लहानशा स्पीकरवर ऐका. गावच्या भोंग्यातूनही खर्ज फारसा निघत नाही. घुमारा बेतानेच घाला. बंद सभागृहात भिंतींचा प्रतिध्वनी त्यात आणखी मिसळतो. अधूनमधून कानांना विसावा द्या.

शिक्षकबंधूंनी एक प्रयोग करून पाहावा. ती बोली जाणणाऱ्या मुलांना गाणं एकदाच ऐकवा आणि शब्द लिहायला सांगा. जिथे पुष्कळांच्या पेन्सिली अडतील, तिथेच मिक्सिंग अडलं आहे, असं समजावं. बसवणाऱ्याने तेवढी ओळ पुन्हा उघडावी, शब्दावर कोण चढून बसलंय ते पाहावं आणि त्याला खाली उतरवावं.