ड्राइव्हही जपायला हवा



 गोदाकाठच्या नांदेडमध्ये, विष्णुपुरीत १९८१ पासून अभियांत्रिकीचं शिक्षण चालू आहे, १९९४ पासून इथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आहे. प्रकाशीय तबकड्या आणि त्यांचे वेगवान ड्राइव्ह हा विषय इथल्या परिषदेत चर्चेला यावा, याचा मला आनंद आहे.

आपल्या भागाला या विषयाची गरज जास्त आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळचं दप्तर उर्दूत आणि मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा मराठवाड्यात जुने बस्ते सोडले गेले. खासरा पत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या पानापानाने तपासल्या गेल्या. एका जीर्ण पानावर एका कुटुंबाचं किती अवलंबून असतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. लातूरकरांना तर हे आणखी आधीपासून ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात माणसं गेली, घरं गेली, आणि घरातल्या पेटीतले कागदही ढिगाऱ्यात गेले.

ही पानं आता स्कॅन होतात. पण ती ठेवायची कशावर? हार्ड डिस्क हलती यंत्रणा आहे, कधीतरी थांबतेच. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरची नोंद मात्र मागाहून कुणाला बदलता येत नाही, आणि महसुली दप्तरासाठी यापेक्षा मोठा गुण मला दिसत नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०, ब्लू-रेचा ४०५. तरंगलांबी घटली, खुणा बारीक झाल्या, आणि त्याच बारा सेंटिमीटरच्या तबकडीत ७०० एमबीऐवजी २५ जीबी मावू लागले.

वेगाची गोष्ट इथेच येते. ब्लू-रेचा मूळ वेग सेकंदाला साडेचार एमबी. त्या वेगाने एक तबकडी भरायला दीड तास लागतो, सहापट वेगाने साधारण पाव तास. तालुक्याचं दप्तर उतरवायचं तर हा फरक महिन्यांचा होतो. पण वेगालाही सीमा आहे. मिनिटाला दहा हजार फेऱ्या झाल्या की तबकडीची कडा ताशी सव्वादोनशे किलोमीटरने धावते. त्यापुढे प्लॅस्टिक थरथरतं, तडकूही शकतं. म्हणून एकाच वेळी अनेक किरणांनी वाचणं, अनेक ड्राइव्ह समांतर चालवणं, असे मार्ग शोधले गेले. इथल्या विद्यार्थ्यांना यात करण्यासारखं पुष्कळ आहे. आपला उन्हाळाही ध्यानात घ्यावा लागेल. सेंद्रिय रंगाचा थर असलेल्या तबकड्या उष्णतेने आणि उन्हाने लवकर खराब होतात, अभिलेखासाठी असेंद्रिय थराच्याच घ्यायला हव्यात.

मला खरी काळजी आहे ती ड्राइव्हची. नोएडाची मोझर बेअर ही आपल्या देशातली सर्वांत मोठी तबकडी उत्पादक कंपनी होती. तिच्या अवसायनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचं उत्पादन थांबवलं. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हची जागाच राहिलेली नाही. तबकडी पन्नास वर्षं टिकली आणि ती वाचणारं यंत्रच मिळालं नाही, तर आपण आपल्या नातवंडांना काय दिलं?

म्हणून या परिषदेकडे माझं एक मागणं आहे. नांदेड आणि लातूर, दोन्ही ठिकाणी चालू स्थितीतले ड्राइव्ह, त्यांचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारी माणसं सांभाळणारं एकेक केंद्र असावं. दप्तराची एक प्रत इथे, दुसरी तिथे. दरवर्षी प्रत्येक तबकडी वाचून पाहावी आणि बिघाड दिसताच नवी प्रत काढावी. खर्च लागेल, पण तो मागण्यात संकोच नको. समारोपाच्या सत्रात तसा ठराव मांडावा, अशी विनंती मी आत्ताच करून ठेवतो.

 उद्घाटनानंतरचं पहिलं सत्र शेजारच्या दालनात आहे. तिथे जुने-नवे ड्राइव्ह खोलून ठेवले आहेत, ते जरूर हाताळून पाहा.