गाडीतली वीज आणि बाटलीतला बर्फ

आजूबाजूच्या गटांतल्या बायका आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारतात. तुमची खाण्याची गाडी जत्रेत दोन-दोन दिवस मुक्कामाला असते, तिथं लाइटची सोय नसते, मग दही-ताक टिकतं कसं? आज त्याबद्दलच बोलू या.

आमच्या गटाची गाडी म्हणजे एक टेम्पो. मागं ओटा, शेगडी, छोटा फ्रिज आणि झोपायला दोन फळ्या बसवून घेतल्यात. आठवडी बाजार, गावोगावच्या जत्रा आणि पंढरपूरची वारी असा तिचा फेरा असतो. उन्हाळ्यात चार पैसे जास्त सुटतात ते ताकावर, आणि धोकाही तिथंच असतो. आपल्या हातचं खाऊन कुणाच्या लेकराला जुलाब झाले, तर कर्जाचा हप्ता राहिला बाजूला, गटाचं नावच जातं.

आधी विजेचा हिशेब. बॅटरी म्हणजे पाण्याचा रांजण समजा. आमची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची आहे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की १२०० वॅट-तास होतात. पण साध्या, पाणी घालायच्या बॅटरीचा रांजण तळापर्यंत उपसायचा नसतो. निम्म्याच्या खाली वारंवार नेली तर ती लवकर मरते. म्हणजे आपल्या हातात ६०० वॅट-तास. लिथियमच्या बॅटरीतून जास्त वापरता येते, पण तिची किंमतही जास्त.

आता खर्च. आमचा फ्रिज थेट १२ व्होल्टवर चालतो आणि ४५ वॅट घेतो. त्याची मोटर सारखी चालत नाही, थांबत थांबत चालते. दिवसातले १२ तास चालली तरी ५४० वॅट-तास गेले. रात्रीचा दिवा आणि मोबाइल धरले की रांजण संपला. टपावरचं २०० वॅटचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ७०० वॅट-तास भरून देतं. पण आषाढी वारी येते पावसाळ्यात. आभाळ भरलं की त्याच्या निम्मंही मिळेल याची खात्री नाही.

यावर दुसरी महागडी बॅटरी घ्यावी का? आम्ही घेतली नाही. आम्ही थंडावाच साठवून नेतो. निघायच्या आदल्या दिवशी पाच घरांतल्या फ्रिजमध्ये प्रत्येकी दोन, अशा एक-एक लिटरच्या दहा बाटल्या गोठवायला ठेवतो. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, कारण गोठताना पाणी फुगतं. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषून घेतो. दहा बाटल्यांचे झाले ९३०. तेवढी उष्णता बाहेर काढायला फ्रिजच्या मोटरला चार-पाचशे वॅट-तास तरी लागले असते. म्हणजे जवळजवळ एका दिवसाची वीज आपण घरून बाटल्यांत भरून आणली.

चार बाटल्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवतो, कारण गार हवा खाली उतरते. सहा बाटल्या आइसबॉक्समध्ये. विक्रीचं ताक आइसबॉक्समधून द्यायचं आणि फ्रिज दिवसातून चार-पाच वेळाच उघडायचा. गरम पदार्थ आत ठेवायचा नाही. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भाकरी यांना गारव्याची गरज नाही, त्यांनी जागा अडवायची नाही. भाजी ओल्या गोणपाटात राहते, पण ती कोरड्या उन्हाळ्यात. पावसाळी दमट हवेत गोणपाट गार होत नाही. दूध-दही मात्र कधीच त्याच्या भरवशावर ठेवू नका.

फ्रिजमध्ये एक थर्मामीटर ठेवा. दही, दूध, पनीर, ओलं वाटण ५ अंशांच्या खाली हवं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. असा पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर राहिला तर विकायचा नाही, आणि कडक उन्हाळ्यात एक तासच धरायचा. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे, असं समजू नका.

इथं गटाचा एक नियम सांगतो. माल टाकायचा की ठेवायचा, हे त्या दिवशी गाडीवर असलेल्या बाईनं ठरवायचं. टाकलेल्या मालाची नोंद वहीत होते, पण तिच्या नावावर नाही, गटाच्या खर्चात. बोलणी खावी लागतील या भीतीनं कुणी शंकेचं दही विकायला नको.

बॅटरीची काळजीही सांगतो. गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी आणि फ्रिजची वेगळी ठेवा, नाहीतर सकाळी गाडीच सुरू व्हायची नाही. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं किंवा नळाचं नाही. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती शेगडीपासून लांब, हवेशीर जागी हवी. वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावून घ्या. सकाळी, ऊन येण्याआधी आणि फ्रिज थोडा वेळ बंद ठेवून मीटर बघा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. तिथं थांबायचं.

ज्या गटांना गाडी सुरू करायची आहे, त्यांनी आधी चांगला आइसबॉक्स आणि थर्मामीटर घ्यावा. चार बाजार त्यावर करावेत, मग बॅटरीचं बघावं. पुढच्या बैठकीत आपल्या वस्तूंवरचे वॅटचे आकडे वाचून वहीत उतरवा, पुढं किती तास चालतात ते लिहा आणि गुणाकार करा. दुकानदारानं मोठी बॅटरी पुढं केली, तर ती वही त्याच्यासमोर उघडा. रामराम.