लोणारचे सरोवर : कायदा, नियोजन आणि शाळा
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



लोणारचे सरोवर हे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे भूषण होय, असे आपण मुलांस नेहमी सांगतो. उल्का आदळून बेसाल्ट खडकात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचे मंदिर, हे सारे मुलांना ठाऊक असते. परंतु हे सरोवर असंख्य जिवांचे घर आहे आणि ते घर राखण्याविषयी देशात कायदा आहे, ही गोष्ट मात्र बहुधा सांगावयाची राहून जाते.

या घराचे वैशिष्ट्य त्याच्या पाण्यात आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. येथील पाण्याचा सुमारे १० आढळला आहे. अशा खाऱ्या व अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिनासारखे सूक्ष्म जीव वाढतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेही क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. काठावर गोड्या पाण्याचे झरे आणि उतारावर दाट झाडी आहे. त्यामुळे येथे १६० जातींचे पक्षी, ४६ जातींचे सरपटणारे प्राणी व १२ जातींचे सस्तन प्राणी नोंदले गेले आहेत. जगात ज्यांची संख्या चिंतेची मानली जाते, असा कांडेसर करकोचा त्यांत आहे, लांडगाही आहे.

त्यांच्या रक्षणासाठी काय योजना झाली? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. २००० साली लोणार अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२० साली ४२७ हेक्टरांचा हा परिसर रामसर कराराच्या यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तर वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे.

या अधिनियमातील दोन गोष्टी शिक्षकाने अवश्य ध्यानी घ्याव्यात. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे, हे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शिकारच होय. दुसरी गोष्ट कलम २९ मध्ये आहे. अभयारण्यात येणारा अथवा तेथून जाणारा पाण्याचा प्रवाह परवान्यावाचून वळविणे, अडविणे किंवा वाढविणे यास तेथे मनाई आहे. प्राणी जगावयाचा तर त्याचे पाणीही जगले पाहिजे, हे कायद्याने ओळखले आहे.

तथापि कायद्याची हद्द कागदावर आखता येते. पाणी ती हद्द जाणत नाही. विवर सखल आहे, गाव त्याच्या कडेवर आहे. वरचे सांडपाणी आणि शेतातील खतांचा अंश उताराने खाली जातो, आणि हजारो वर्षांत बनलेला पाण्याचा गुण बदलू लागतो. वेडी बाभूळ माजली की स्थानिक झाडोऱ्यास जागा उरत नाही. या गोष्टी केवळ पहारा ठेवून थांबत नाहीत. त्यांस नियोजन लागते. कोणते पाणी कोठून येते, ते कोठे शुद्ध करावयाचे, कोणती झाडे काढावयाची व कोणती राखावयाची, हे आधी ठरवावे लागते आणि वर्षानुवर्षे पाळावे लागते.

येथे शाळेचे काम सुरू होते. चौथीच्या मुलांकडून गावाचा एक नकाशा करून घ्यावा. आपल्या घरच्या मोरीचे पाणी कोणत्या गटारीस मिळते आणि ती गटार पुढे कोठे जाते, हे प्रत्येकाने त्यात दाखवावे. वर्गात पक्ष्यांची नोंदवही ठेवावी. पक्षी दुरून पाहावेत, घरट्याजवळ जाऊ नये. नकाशा पूर्ण झाल्यावर तो पालकसभेत भिंतीवर लावावा. त्यावर जी रेघ सरोवराकडे उतरताना दिसेल, तिच्याविषयी बोलण्यास ग्रामस्थांना दुसऱ्या कोणत्याही व्याख्यानाची गरज पडणार नाही.