ज्यूसवाल्याचा मिक्सर घरी आणावा का?



ज्यूस सेंटरवरचा पोरगा चिकू, दूध आणि मूठभर बर्फ भांड्यात टाकतो, खटका दाबतो आणि अर्ध्या मिनिटात सगळं एकजीव करून ग्लासात ओततो. ते बघून अनेकांना वाटतं, असलंच दणकट यंत्र आपल्या ओट्यावर असावं. दुकानात चौकशी केली की चौदाशे, अठराशे वॅटचे आकडे आणि पंचवीस-तीस हजारांच्या किमती कानावर येतात. माझं मत आधीच सांगून टाकते. मराठी स्वयंपाक करणाऱ्या बहुतेक घरांना ते लागत नाही.

का, ते त्या यंत्राच्या भांड्यात डोकावलं की कळतं. हॉटेलातल्या ब्लेंडरचं भांडं उंच आणि दोन लिटरच्या आसपासचं असतं. आतली पाती जाड असतात, आणि चांगल्या यंत्रात ती सुरीसारखी धारदारही नसतात. काम करतो तो वेग. पातळ पदार्थाचा भोवरा तयार होतो आणि वरचं सगळं पात्याकडे ओढलं जातं. आता त्यात अर्धी वाटी ओलं खोबरं, चार मिरच्या, आल्याचा तुकडा आणि कोथिंबीर टाकून बघा. पहिल्याच झटक्यात सगळं भिंतीला चिकटतं आणि पाती रिकामी फिरत राहतात. झाकण काढा, चमच्याने खाली ढकला, पुन्हा लावा. शेवटी वैतागून पाणी घालता, आणि चटणी ताटात वाहायला लागते. आपल्या मिक्सरबरोबर येणारं ते बुटकं चटणीचं भांडं म्हणूनच मोलाचं. पातं तळाशी, भिंती जवळ, झाकण खाली. मालाला पळायला जागाच नाही.

तशीच गोष्ट उष्णतेची. हे ब्लेंडर काही मिनिटं सलग चालवले तर नुसत्या घर्षणाने सूप वाफाळतं. सुपाला हे छान. पण गोड्या मसाल्याचे भाजलेले धणे, दगडफूल आणि खोबरं असं तापलं, की खोबऱ्याला तेल सुटून त्याचा गोळा होतो, आणि वास डब्यात जाण्याऐवजी स्वयंपाकघरात उडून जातो. घरच्या मिक्सरवरही मसाला करताना बटण उलट्या बाजूला फिरवून थांबत थांबतच दळावा.

आता वॅट. खोक्यावर छापलेले वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं त्याचा आकडा. पात्यापर्यंत किती ताकद पोचते, हे त्यावरून कळत नाही. परदेशी खोक्यांवर तर ‘तीन अश्वशक्ती’ वगैरे लिहिलेलं असतं. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, म्हणजे तीनचे झाले जवळपास सव्वादोन हजार. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातला साधा सॉकेट 120 व्होल्ट आणि 15 अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त 1800 वॅटचा. मग उरलेली ताकद आली कुठून? तो आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो, रोजच्या कामाचा नव्हे.

त्यापेक्षा मिक्सर उलटा करून तळाची पट्टी वाचा. घरगुती मिक्सरवर बहुधा ‘30 मिनिटे’ अशी मर्यादा दिलेली असते, आणि सोबतच्या पुस्तिकेत पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद अशी शिस्त. व्यावसायिक यंत्राचे जास्तीचे पैसे जातात ते इथे. दिवसभर गिऱ्हाईक आलं तरी मोटर तापून बसू नये, यासाठी. घरी कोण दिवसभर दळतंय? तळाशी लाल बटण आहे ना, तेही पाहा. जास्त भार पडला की ते बाहेर येतं आणि मोटर वाचते. थोडा वेळ थांबायचं, भांड्यातला माल कमी करायचा आणि बटण आत दाबायचं.

ज्यांचा मुलगा किंवा भाची अमेरिकेहून येताना तिथला ब्लेंडर घेऊन येते, त्यांच्यासाठी एक सूचना. तो 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 वर थेट लावलात तर गेला म्हणून समजा. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो दोन हजार वॅटचा, उचलताना कंबर धरेल असा. त्यापेक्षा त्यांनाच इथून मिक्सर नेऊ द्या. तिकडच्या व्होल्टेजवर चालणारे भारतीय मिक्सर मिळतात, आणि इडलीचं पीठ त्यांनाही दळायचं असतंच.

हा सगळा पेच मुंबईत पूर्वीच एका घरात सुटला होता. 1960च्या दशकात माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर बिघडला आणि दुरुस्त होईना. ती यंत्रं तिकडच्या पातळ पदार्थांसाठी केलेली. इथे त्यांच्या वाट्याला रोज डाळ, खोबरं आणि मसाले. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सिमेन्समध्ये अभियंते होते. त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर आणि भांडी जुळवली, आणि त्यातून ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आला. पाट्यावरचं काम विजेवर आलं ते अशा मिक्सरांमुळे.

काही घरांना मात्र मोठा ब्लेंडर खरोखर हवा. ज्यांच्याकडे आजारी माणसाला डॉक्टरांनी अगदी गाळीव, पातळ अन्न सांगितलंय, तिथे त्या वेगाला तोड नाही. पालेभाजीची दोरीसुद्धा उरत नाही. रोज सकाळी बर्फ घालून फळांचं काही करणाऱ्यांनीही घ्यावा. पण 16 अँपिअरचा मोठा सॉकेट ओट्याजवळ आहे का ते आधी बघा, आणि भांडं वरच्या कपाटाखाली उभं राहतं का तेही टेपने मोजा. शिवाय आवाज. दुकानात त्यावर पारदर्शक टोपण असतं, ते उगाच नाही.

बाकीच्यांनी साडेसातशे वॅटचा बरा मिक्सर घ्यावा. दुकानदाराला दर विचारण्याआधी झाकणाची रबरी रिंग, भांड्याखालचा कपलर आणि कार्बन ब्रश सुटे मिळतात का, ते विचारा. कपलर झिजणारच. मोटरीऐवजी तो तुटावा म्हणूनच तो तिथे असतो. तो तुमच्या गावात मिळत नसेल तर दुसरी कंपनी बघा.