काळ्या पट्टीवरचे पांढरे डाग

 

मी बचत गटांची सहयोगिनी. नऊ वर्षं झाली, कराड तालुक्यातल्या गावांतून गटांच्या बैठका घेत फिरते. या कार्यक्रमात आजवर मी बोलले ते कर्ज, हप्ते आणि हिशेबाची वही यांवरच. आजचा विषय वेगळा आहे. चारचाकी गाडीच्या काळ्या प्लास्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग पडतात, ते काढायचे कसे? हसू नका. या डागांपायी आमचा एक चांगला चाललेला गट मोडायच्या बेताला आला होता.

गट बारा जणींचा. महामार्गाला लागून एका काकींची मोकळी जागा होती आणि बोअरला पाणी होतं. पापड-लोणची गावोगावी आहेत, आपण गाड्या धुवायचं सेंटर काढू, असं बायकांनीच ठरवलं. कर्ज घेतलं, प्रेशरचा पंप आणला, वर पत्र्याची शेड मारली. पहिला महिनाभर माणसं नुसती बघायला यायची, बायका गाड्या धुतात म्हणून. मग गाड्याही यायला लागल्या. नुसत्या धुण्याचे ३०० रुपये, पॉलिशसकट ९००.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा म्हणजे या धंद्याची सुगी. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, हार घालायचा, तर गाडी चकाकली पाहिजे. त्या आठवड्यात एक पांढरी गाडी पॉलिशला आली. गाडीवाले भाऊ जवळच्याच गावचे, गाडी नवीन घेतलेली. गाडीच्या खालच्या बाजूनं, चाकांवरच्या कमानींना, बंपरला आणि काचांच्या खाली काळ्या प्लास्टिकचे पट्टे होते. आमच्या बायकांनी मन लावून सगळ्या गाडीला पॉलिश चोपडलं. पत्र्याला लावलं, तसं प्लास्टिकलाही. जास्त लावलं तर जास्त चमकेल, असा हिशेब. ऊनही चांगलं कडक होतं.

पुसून झाल्यावर काळ्या पट्ट्यांवर पांढरे फराटे दिसायला लागले. लगेच पाणी मारलं. डाग गेले! सगळ्यांनी हुश्श केलं आणि गाडी दिली. तासाभरात भाऊ परत. वाऱ्यानं गाडी वाळली आणि डाग जसेच्या तसे वर आले, रांगोळी सांडून हात फिरवल्यासारखे.

तेव्हा गटातल्या एकीनं युक्ती काढली. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. पट्ट्या काळ्याभोर झाल्या. भाऊ खूश होऊन गेले. दसरा झाला आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा दारात. तेलाला रस्त्याची सगळी धूळ चिकटली होती आणि तिच्याखालून पांढरे फराटे डोकावत होते. भाऊंचा आवाज चढला. त्या गडबडीत गटातल्या सगळ्यांत लहान सूनबाईनं भांड्यांची तारेची घासणी आणली आणि चाकावरच्या कमानीवर जोरात फिरवली. डाग थोडा गेला, पण प्लास्टिकवर ओरखडे उठले. ते ओरखडे आजही त्या गाडीवर आहेत.

भाऊंनी दिलेले पैसे परत मागितले. रस्त्यावर चार माणसं जमली, आणि "म्हणून बायकांनी असले धंदे करू नयेत" हे वाक्य कुणीतरी बोललंच. त्या रात्री गटाची बैठक झाली. मीही होते. नुकसान कुणी भरायचं यावर वाद पेटला. सूनबाई म्हणाली, माझ्या बचतीतून कापा. आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामाला यायची बंद झाली.

आता सांगते, आम्ही कुठं चुकलो. मी बी.ए. झालेय मराठी घेऊन, रसायनाशी माझा संबंध नाही. पण कराडला डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे एक म्हातारे मामा आहेत, त्यांच्यापाशी मी आणि अध्यक्षताई जाऊन बसलो. त्यांनी जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते.

आपला पाटा आठवा. वडारीण येऊन त्याला टाकी लावून जायची. त्या बारीक खळग्यांत चटणी अडकते. नुसत्या फडक्यानं पाटा पुसला तर निघते का? नाही. ब्रश किंवा कुंचा लागतोच. गाडीचं काळं प्लास्टिक तसंच असतं. रंगवलेला पत्रा काचेसारखा गुळगुळीत, पण हे प्लास्टिक मुद्दाम खरबरीत बनवलेलं. पॉलिशमध्ये मेण असतं आणि बऱ्याच पॉलिशमध्ये घासणारी बारीक पूडही असते. हे मिश्रण खळग्यांत शिरतं, वाळतं आणि पांढरं दिसतं. ओलं असलं की ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून पाणी मारलं की डाग गेल्यासारखा वाटतो. तेलाचंही तेच. तेलानं डाग झाकला जातो, निघत नाही.

मग काढायचा कसा? ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी वही-पेन घ्या.

पहिलं काम, डाग कशाचा आहे ते ओळखा. गाडी सावलीत घ्या, धूळ धुवा आणि पूर्ण वाळू द्या. डाग पट्टीच्या कडेला, कोपऱ्यांत किंवा हात फिरवल्यासारखा फराट्यांनी असेल तर तो बहुतेक पॉलिशचा. सगळी पट्टी एकसारखी राखाडी झाली असेल तर ते प्लास्टिक उन्हानं विटलंय. विटलेला रंग घासून परत येत नाही, गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगा. गोल गोल कड्यांचे डाग असतील तर ते बहुधा बोअरच्या जड पाण्याच्या क्षाराचे.

दुसरं, साबण. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला. कोमट म्हणजे हाताला सहज सोसेल इतकंच. उकळतं पाणी ओतू नका. पॉलिशमध्ये वापरतात ते कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात आणि ते ८० अंशांच्या वर वितळतं. तेव्हा कोमट पाण्यानं ते वितळणार नाहीच. तुपाचं भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबणानं निघतं, तसंच इथं. मेण सोडवायचं काम साबणाचं, कोमट पाणी त्याला मदत करतं.

तिसरं, ब्रश. जुना पण मऊ दातांचा टूथब्रश घ्या. एका वेळी तळहाताएवढीच जागा धरा. साबणाचं पाणी लावा आणि ब्रश आधी गोल, मग उभा, मग आडवा फिरवा, म्हणजे खळग्याच्या चारी बाजूंनी केस पोचतात. जोर लावायचा नाही. फेस आला की लगेच ओल्या मायक्रोफायबरच्या कापडानं टिपून घ्या. तसाच वाळू दिला तर सुटलेलं मेण परत खळग्यांत जाऊन बसतं. मग कोरडं पुसा, वाळू द्या आणि बघा. एकदा करून भागत नाही. दोन-तीन वेळा करावं लागतं. शेजारच्या रंगवलेल्या पत्र्याला कागदी मास्किंग टेप लावून घ्या, नाहीतर तिथलं चांगलं पॉलिशही साबणानं निघून जाईल.

चौथं, खोडरबर. खरंच, पोरांच्या दप्तरातला साधा पांढरा खोडरबर. एखादा डाग साबणाला दाद देत नसेल तर कोरड्या प्लास्टिकवर खोडरबर हलकेच घासा. रबराच्या चुऱ्याबरोबर मेण निघून येतं. नंतर चुरा ब्रशनं झाडा. रंगीत खोडरबर वापरू नका, त्याचाच रंग लागायचा.

पाचवं, यानंही गेला नाही तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधांच्या दुकानात किंवा मोबाईल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथं विचारा. जेवढं अल्कोहोल तेवढंच पाणी मिसळा. आधी गाडीच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. प्लास्टिकला काही झालं नाही तर कापडावर घेऊन डागावर टिपा. रंगवलेल्या भागाला लागू देऊ नका. हे लवकर पेट घेतं, म्हणून उघड्यावरच काम करा, हातमोजे घाला, आणि जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको. लहान मुलांपासून लांब ठेवा.

आता काय करायचं नाही, तेही ऐका. तारेची घासणी नको, तिचे ओरखडे कायमचे. रॉकेल, पेट्रोल, थिनर नको. त्यानं प्लास्टिक खराब होऊ शकतं आणि आगीचा धोका आहेच. संडास धुवायचं ॲसिड तर चुकूनही नको. आणि तेल लावून डाग झाकायचा नाही. परदेशात काही लोक शेंगदाण्याच्या लोण्यानं हे डाग काढतात म्हणे. त्यातल्या तेलानं मेण सैल होत असेल, पण नंतर ते तेल साबणानं धुवावंच लागतं. मग सरळ साबणानंच सुरुवात केलेली काय वाईट? शेंगदाणे चटणीला ठेवा.

आणि मुळात डाग पडूच नये म्हणून? पॉलिश सुरू करायच्या आधी सगळ्या काळ्या पट्ट्यांच्या कडेनं मास्किंग टेप लावा. काम झालं की टेप लगेच काढा, उन्हात राहिली तर तिचा डिंक चिकटून बसतो. पॉलिश थोडंच घ्या, आणि सावलीत, गाडी गार असताना लावा. चुकून प्लास्टिकवर उडालं तर ओलं आहे तोवर पुसून टाका.

मामांकडून हे सगळं शिकून आलो. पण आता पुढं काय? पुन्हा बैठक घेतली. काही जणी म्हणाल्या, पैसे परत दिले, विषय संपला. अध्यक्षताई म्हणाल्या, "विषय कसा संपला? गाडी त्याच रस्त्यानं रोज जाते. डाग आपलाच फिरतोय." मग ठरलं. पॉलिश सगळ्यांनी मिळून लावलं होतं, तेलाला सगळ्यांनी मान डोलावली होती, तेव्हा नुकसान एकटीच्या बचतीतून कापायचं नाही. गटाच्या नफ्यातून भरायचं. हा ठराव वहीत लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

मी आणि अध्यक्षताई सूनबाईच्या घरी गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. वर बघेना. ताईंनी ठरावाची वही तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "तुझी सही राहिलीय." तिनं वाचलं, डोळे पुसले. सासूबाई आतून म्हणाल्या, "जा की गं आता, तांदूळ मी बघते."

मग भाऊंना फोन केला. खरं सांगितलं, की पाण्यानं आणि तेलानं आम्ही डाग झाकला होता, चूक आमची. आता रीत शिकलोय, एकदा गाडी आणा, पैसे नकोत. ते दोन दिवसांनी आले, कपाळाला आठ्या घालूनच. टूथब्रश घेऊन पहिल्यांदा बसली ती सूनबाई. तळहाताएवढी एकेक जागा करत तिला आणि काकींना सगळी गाडी करायला अख्खी दुपार लागली. वाळल्यावर भाऊंनी स्वतः बोट फिरवून बघितलं. डाग नव्हते. ओरखडे होते. कमानीची ती पट्टी गटाच्या खर्चानं बदलून देतो, असं ताई म्हणाल्या. भाऊ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राहू द्या. खरं बोललात, तेवढं पुरे." जाताना त्यांनी धुण्याचे ३०० रुपये काकींच्या हातात ठेवले.

त्या दिवसापासून सेंटरवर दोन नियम झाले. गाडी आली की कामाआधी मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढायचे आणि आधीचे डाग-ओरखडे गिऱ्हाइकाला दाखवून वहीत लिहायचे. आणि गाडी पूर्ण वाळल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही. काळ्या पट्ट्यांचं काम आता सूनबाईकडे आहे. टेप लावताना ती कुणाला मध्ये बोलू देत नाही.

भाऊ दर दसऱ्याला गाडी आणतात. कमानीवरच्या ओरखड्यांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "यावर आता नवीन काही शिकलात का?" आम्ही म्हणतो, अजून नाही. सगळे हसतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी गाडी असेल, नसेल. पण कुणाचा भाऊ, कुणाचा जावई दसऱ्याला गाडीला पॉलिश करायला बसला तर त्याच्या हातात आधी टेपची गुंडाळी द्या. आणि डाग पडलाच तर तेलाची बाटली लपवून ठेवा, टूथब्रश पुढं करा.

पुढच्या वेळी पुन्हा आपल्या हिशेबाच्या वहीकडे वळू. तोवर बैठक चुकवू नका, हप्ता चुकवू नका. नमस्कार.