रस्त्याचाही जबाब घ्या

आज स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

घाटातल्या अपघातात कुणी गेले की आपल्याकडे म्हणतात, 'त्याची वेळ भरली होती.' २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; रोजची साडेचारशेहून अधिक. इतक्यांची वेळ पुन्हा पुन्हा त्याच वळणांवर कशी भरते, हे विचारणे आजपासून तुमचे काम आहे.

नशिबाचा वाटा नाकारू नका, तो मोजा. फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ साली मांडलेले सूत्र सांगते, की हुबेहूब सारख्या दोन वळणांपैकी एकावर वर्षात चार अपघात होऊ शकतात, दुसऱ्यावर एकही नाही. तो निव्वळ योगायोग असू शकतो. पण महामार्गांच्या नोंदींतला चढउतार या सूत्रात मावत नाही, म्हणून अभ्यासक 'निगेटिव्ह बायनॉमिअल' मॉडेल वापरतात. योगायोगाने न उलगडणारा तो फरक तपासला, की वळणाची त्रिज्या, उतार, वाहतूक, अरुंद साइडपट्टी बोलू लागतात.

राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातप्रवण जागा, ठरवण्याचा निकष पाहा: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे दहा घरांत सुतक आल्यावर आपण फलक लावायचा. चांगले मॉडेल तशाच घडणीचे, पण अजून रक्त न सांडलेले वळण आजच दाखवते. त्या वळणासाठी निधी मागताना तुमच्याकडे मृतांची यादी नसेल. तरीही मागा.

आणि श्रेय घेताना प्रामाणिक राहा. समजा, एका वळणावर सहा अपघात झाले, कठडे बसवले, पुढे तेवढ्याच काळात तीन झाले. निम्मे घटले? रस्ते-सुरक्षेचे अभ्यासक एझ्रा हाउअर यांनी रुजवलेली एम्पिरिकल बेज पद्धत आधी विचारते, काहीच केले नसते तर किती झाले असते? तशा वळणांची सरासरी धरून उत्तर चार आले, तर तुमच्या कठड्यांनी एकच अपघात टाळला. तो एकही मोठा आहे. त्याला तीन म्हणू नका. फुगवलेला आकडा पुढचा निधी चुकीच्या उपायाकडे नेतो आणि खरे धोक्याचे वळण तसेच राहते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले. त्याच वर्षी तिथे शून्य मृत्यूचे ध्येय ठेवून काम सुरू झाले. उघडे, टणक अडथळे शोधून झाकले गेले आणि पुढच्या वर्षांत मृत्यू घटले. चालक चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू नसावी, एवढे रस्त्याला करता येते.

उद्या पोलिसांच्या फिर्यादीत तुम्ही वाचाल: 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने'. ते खरेही असेल. पण तेवढ्यावर कागद मिटू नका. टेप घेऊन त्या वळणावर उतरा, त्रिज्या मोजा, उतार मोजा आणि त्या ओळीखाली रस्त्याचाही जबाब लिहा.